पिकअपच्या हौद्यात बसणारा हलका पॉप-अप कॅम्पर

आठवडाभर मोंढ्यात माल नेणारी पिकअप सुटीत तुळजापूर, वेरूळ किंवा गौताळ्याकडे मुक्कामाला न्यायची, तर कॅम्पर, म्हणजे आत झोपता येणारा आणि छत वर उघडणारा डबा, हौद्यातून अर्ध्या तासात उतरवता आला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनेही हेच बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. म्हणून चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, हौद्याला भोक पाडायचं नाही. कॅम्पर बांधलेल्या मालासारखा राहील, फाळक्यांच्या बाहेर येणार नाही, आणि गाडी चालू असताना आत कुणी बसणार नाही.

उतरवता यायचा म्हणजे रिकामा कॅम्पर 200 किलोच्या आत हवा. खालचा हिशेब 2.40 मीटर लांब, 1.60 मीटर रुंद आणि 1.20 मीटर उंच भिंतींच्या डब्याचा आहे. हौद्याची मापं मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी आपला हौदा आतून मोजा. चाकावरचे उंचवटे आणि फाळक्याच्या कड्या मापातून सुटू देऊ नका. डबा आणि केबिन यांच्यात किमान 5 सेंटिमीटर जागा सोडा. खड्ड्यात केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. जागा नसेल तर घासून घासून पत्रा फाटतो.

वजन सगळ्यात जास्त कुठे वाढतं, तर सांगाड्यात. या मापाच्या डब्याला छतासकट 53 मीटरच्या आसपास चौकोनी पाईप लागतो. 38 × 38 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाईप मीटरला 1.83 किलो भरतो, म्हणजे 97 किलो. त्याच मापाचा 2 मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम पाईप मीटरला 0.78 किलो, म्हणजे 41 किलो. पैसे इथे घाला, बाकी ठिकाणी वाचवा. मात्र स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानात मिळणारं पातळ सेक्शन सांगाड्याला वापरू नका. ते खिडकीपुरतंच असतं, खडीच्या रस्त्यावर कोपऱ्यात चिरतं.

जोड दोन तऱ्हेने देता येतात. वाळूज-चिकलठाण्याच्या बाजूला आर्गॉन वेल्डिंगवाला मिळतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचं अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि त्याची ताकद बरीच उतरते. त्यामुळे वेल्डिंग केलं तरी कोपऱ्याला 3 मिलिमीटरची त्रिकोणी पट्टी मारा. वेल्डिंग नको असेल तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तशा पट्ट्या आणि 4.8 मिलिमीटरचे बंद तोंडाचे रिव्हेट, एका पट्टीला कमीत कमी सहा. स्टीलचे बोल्ट अॅल्युमिनियमला थेट लागू देऊ नका, मध्ये नायलॉन वॉशर घाला. नाहीतर पावसाळ्यात त्या जागी पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं.

बाहेरून 1 मिलिमीटर अॅल्युमिनियम पत्रा, मध्ये 25 मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम), आतून 3 मिलिमीटर प्लाय. खाली 9 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. 12 मिलिमीटरच्या एका आठ बाय चार शीटचं वजन 23 किलोच्या घरात जातं आणि इथे त्याची गरज नाही. पत्र्याच्या सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. सिलिकॉन हादऱ्यांनी सुटतं आणि त्यावर पुन्हा रंगही बसत नाही. छताला पांढराच रंग द्या. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात गडद छताखाली संध्याकाळी सातलाही बसवत नाही.

आता छत. सरळ वर उचलणाऱ्या छतापेक्षा पुढे बिजागरी आणि मागून उघडणारं छत सोपं, शिवाय सुरक्षित. चालत्या गाडीत कडी सुटलीच, तर वारा छत दाबून धरतो. मागे बिजागरी असेल तर तोच वारा ते उपटून टाकतो. 25 अंशांनी उघडलं की मागच्या कडेला 1 मीटर उंची वाढते, तेवढ्यात माणूस मागच्या बाजूला ताठ उभा राहतो.

गॅस स्ट्रट, म्हणजे गॅरेजवाले ज्याला डिकीचा शॉक म्हणतात तो, अंदाजाने घेऊ नका. सोलर पॅनल धरून छत 43 किलो झालं, तर हिशेब असा: छताकडचं ब्रॅकेट बिजागरीपासून 160 सेंटिमीटरवर. डब्याकडचं ब्रॅकेट 105 सेंटिमीटरवर आणि वरच्या कडेपासून 25 सेंटिमीटर खाली. तिथे सांगाड्यात आडवा पाईप आधीच घालून ठेवा. या मापाला बंद स्थितीत 60 आणि उघड्या स्थितीत 100 सेंटिमीटर लांबीचा स्ट्रट लागतो. दोन्ही बाजूंना 250 न्यूटनचा एकेक. एवढ्यावर पहिल्यांदा हाताने पाच-सात किलोचा जोर लावावा लागतो, मग छत आपोआप वर जाऊन टिकतं. जास्त जोराचा बरा म्हणून 300 न्यूटनचे घेतले की फसगत होते. स्ट्रटमधल्या गॅसचा दाब दर तीन अंशांना साधारण एक टक्का वाढतो. जानेवारीत नीट चालणारं छत मे महिन्यात कडी काढताच उसळतं आणि बंद करायला दोघांना लोंबकळावं लागतं. नंतर छतावर आणखी काही ठेवणार असाल, तर आधी छताचं वजन करा आणि मग स्ट्रट घ्या. नळकांडी वर, दांडी खाली अशी बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. आणि स्ट्रट दाब सोडतोच कधीतरी, म्हणून छत उघडल्यावर दोन्ही बाजूंना पिन लावलेला अॅल्युमिनियमचा टेकू हवाच. टेकू न लावता झोपू नका.

छत उघडल्यावर बाजूंची फट झाकणाऱ्या कापडाला ताडपत्री नको, आत घाम धरते. पॉलिकॉटन कॅनव्हास, 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, मंडपाचं किंवा रेक्झिनचं काम करणाऱ्याकडून शिवून घ्या. तिन्ही बाजूंना मच्छरदाणी लावलेली, आतून चेन असलेली खिडकी. कापड कडेला 20 मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पट्टीखाली दाबून दर 10 सेंटिमीटरला रिव्हेट मारा. शिवून आल्यावर एकदा पाणी मारून वाळवा, धागा फुगून सुईची भोकं बुजतात. छत बंद करताना कापड बाहेर येऊन कडीत सापडतं. त्यावर उपाय म्हणजे कापडाच्या मधोमध बाहेरून फिरवलेली इलास्टिक दोरी, ती कापड आत ओढून घेते.

विजेचं थोडक्यात. 12 व्होल्टचा 20 वॅटचा पंखा आठ तास, दिवे आणि दोन मोबाईल मिळून रात्रीला 230 वॅट-तासांच्या आसपास लागतात. 50 एएचची (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी दोन रात्री पुरते, वजन सहा-सात किलो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर उचलून आणू नका, तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे असतं. बॅटरीच्या प्लस टोकाजवळच फ्यूज लावा. 100 वॅटचं पॅनल छतापासून 2-3 सेंटिमीटर वर ठेवा, चिकटवलेलं पॅनल छतच तापवतं. एप्रिल-मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला ओला वाळ्याचा पडदा आणि त्याच्यामागे हाच पंखा चांगला गारवा देतो. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग नाही. शेगडी मात्र बाहेरच, मागच्या फाळक्यावर. आत पेटवलेल्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

डबा चढवताना खाली 8 मिलिमीटरची रबर मॅट, मग चार कोपऱ्यांना एम12 टर्नबकल (फिरवून ताणायचा स्क्रू) हौद्याच्या कड्यांना. ताणून थांबा, गाडी थोडी चालवा, पुन्हा ताणा. 40 लिटर पाणी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला, खाली. नंतर जिनिंगच्या किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, असं वजन घ्या. रिकाम्या गाडीपेक्षा पुढचं वजन कमी भरलं, तर सामान मागे गेलंय. टायरमध्ये भरल्या मालाची हवा ठेवू नका. एवढ्याशा वजनाला पाटे दबत नाहीत, गाडी उडते आणि रिव्हेट ढिले होतात. दारावरच्या पट्टीत लिहिलेली कमी वजनाची हवा ठेवा.

धुळीच्या रस्त्यावर मागचं दार कितीही घट्ट असो, गाडीमागच्या ओढीने धूळ आत येते. छताच्या पुढच्या कडेला, केबिनच्या वर, फिल्टर लावलेली हवेची खिडकी ठेवा आणि चालताना ती उघडी ठेवा. आत थोडा दाब राहतो, धूळ बाहेरच राहते.

उतरवायला सहा जण किंवा शेडच्या तुळईला चेन पुली. जॅक वापरत असाल तर काळ्या मातीत प्रत्येक जॅकखाली 30 × 30 सेंटिमीटरची फळी हवी. पाऊस पडून गेला असेल तर फळीवरही भरवसा नको, डबा फरशीवरच उतरवा. अवकाळीचं आभाळ भरून आलं की छत लगेच पाडा. उघडं छत शिडासारखं वारा धरतं. पहिल्या 50 किलोमीटरनंतर टर्नबकल, बिजागरीचे नट आणि स्ट्रटचे ब्रॅकेट हाताने हलवून बघा. बिजागरीला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) घातले असतील तर सहसा तिथे काही निघत नाही. ढिली सापडतात ती ब्रॅकेटच.