ग्रंथपालांनो, या चुका टाळा: सभासदत्व, प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा सोमवार

संगणकावर मी ‘शेती’ हा शब्द टाइप केला आणि उत्तर आलं: एकही नोंद नाही. माझ्या पाठीमागच्या रॅकवर शेतीच्या पुस्तकांचे दोन खण भरलेले होते. ऊस, भात, काजू, सेंद्रिय खतं. खानापूरकडून येणारी मुलं ती नेमानं नेतात. दोनच आठवड्यांपूर्वी मी कोहा या ग्रंथालय प्रणालीच्या कार्यशाळेहून परतले होते. प्रमाणपत्र टेबलाच्या खणात होतं, आणि समोर विद्यार्थी उभा होता.

महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून वीसेक वर्षं झाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथालय संघांच्या सभांना बसले, अधिवेशनांना गेले, कोर्स केले. शिकायला जाणं आपल्याला जमतं. गाडी अडते ती परतल्यानंतरच्या सोमवारी, आपल्याच टेबलाशी. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत.

आजीव सभासद, पण सभेला गैरहजर

भारतीय ग्रंथालय संघ 1933 पासून आहे, विशेष ग्रंथालयांसाठीची ‘इयास्लिक’ 1955 पासून. राज्यांचे संघ वेगळे. नोकरी लागली की कोणीतरी ज्येष्ठ सांगतात, ‘आजीव सभासद होऊन टाक.’ आपण वर्गणी भरतो, पावती सेवापुस्तकाच्या फाइलमध्ये लावतो आणि विषय संपतो.

मग तक्रार सुरू होते की संघाकडून काहीच येत नाही. आधी स्वतःची नोंद तपासा. जुना ईमेल, लग्नाआधीचं आडनाव, बदलीपूर्वीच्या कॉलेजचा पत्ता. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगाव शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, पण सभासद नोंदीत आपल्यापैकी कित्येकांचा पत्ता आणि स्पेलिंग अजून जुनंच आहे. एका पत्रानं हे दुरुस्त होतं.

दुसरं म्हणजे अधिवेशनाला गेलात तर एखादं काम मागून घ्या. नोंदणीच्या टेबलावर बसा, नाहीतर एका सत्राचा वृत्तान्त लिहा. मागच्या रांगेत बसून आलेल्या माणसाचा नंबर कोणाकडे नसतो. ‘शेती’च्या शोधात मी अडकले तेव्हा मला सोडवलं ते अशाच एका नोंदणीच्या टेबलावर ओळख झालेल्या धारवाडच्या ग्रंथपालांनी. ती हकिकत पुढे सांगते.

एकाच राज्याकडे तोंड करून बसणं

ही चूक खास आपल्या भागातली. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. भाषा मराठी, वाचक मराठी, त्यामुळे पाय साहजिकच महाराष्ट्रातल्या संघांकडे वळतात. तिथली व्याख्यानं कळतात, माणसं आपली वाटतात. पण पगार, नियम, अनुदान आणि तपासणी कर्नाटकची. उलट बाजूनंही हेच होतं. धारवाड-बंगळूरच्या कार्यशाळांना नियमित जाणाऱ्या काही सहकाऱ्यांना मराठी पुस्तकांच्या तालिकीकरणाची, म्हणजे शोधसूचीत नोंदी करण्याची, अडचण कोणाशी बोलायची हेच कळत नाही.

दोन राज्यांची ग्रंथालय व्यवस्था मुळातूनच वेगळी आहे. कर्नाटकाचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1965 चा. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, तो सध्या 6 टक्के, आणि शहर-जिल्ह्याची सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी यंत्रणा चालवते. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. तिथे उपकर नाही; लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून अनुदान दिलं जातं. आता आपल्याकडची मराठी वाचनालयं पाहा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे या दोन्ही कायद्यांच्या शंभर वर्षं आधीचं. लोकांनी उभं केलेलं वाचनालय हा त्यांचा स्वभाव महाराष्ट्रातल्या संस्थांसारखा, पण महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्रापुरताच.

म्हणून कोल्हापूरच्या प्रशिक्षणात ‘दर्जावाढीचा प्रस्ताव कसा करावा’ यावर तासभर ऐकून आलेला गावच्या वाचनालयाचा कार्यकर्ता निराश होतो. त्यानं तिथून घ्यायचं ते वेगळं. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद) कशी ठेवतात, जडसंग्रहाची म्हणजे कपाटं-खुर्च्यांसारख्या वस्तूंची नोंद, वार्षिक पडताळणी, बाद करायच्या पुस्तकांचा ठराव. ही शिस्त कुठल्याही राज्यात चालते. आणि पुस्तकांच्या मदतीसाठी अर्ज करायचा तर रस्ता आपल्या राज्यातून जातो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून कोलकात्यात आहे, पण त्याच्या योजना राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फतच राबवल्या जातात. ही माहिती तुम्हाला कर्नाटकच्या सभेतच मिळेल.

माझं स्पष्ट मत आहे की सीमाभागातल्या ग्रंथपालानं दोन्हीकडचं सभासद व्हावं. खर्च वाढतो हे खरं. एकाच वर्षी दोन्ही अधिवेशनं परवडत नसतील तर आलटून पालटून जा.

प्रमाणपत्रांची फाइल जाड, काम तेच

2020 च्या टाळेबंदीत प्रश्नमंजुषा सोडवली की दहा मिनिटांत ई-प्रमाणपत्र येत होतं. आपल्यापैकी अनेकांनी ती ढिगानं जमवली. तो काळच तसा होता, त्यात दोष द्यायला नको. पण ती सवय अजून सुटलेली नाही.

बढतीसाठी काय लागतं ते स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पहिल्या टप्प्याला 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि स्वयंचलन-डिजिटायझेशन यासारख्या विषयावर किमान 5 दिवसांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. एकेका दिवसाचे पाच वेबिनार जोडून ते 5 दिवस भरतील असं धरून चालू नका. प्राचार्यांची मंजुरी कोर्सच्या आधी आणि लेखी घ्या. तोंडी ‘जा हो’ वर गेलेल्यांची रजा नंतर अर्जित रजेतून कापली गेल्याचं मी पाहिलं आहे.

बढतीचा हिशोब झाल्यावर उरलेलं शिक्षण मात्र आपल्या वाचकाकडे बघून निवडा. ‘स्वयम्’वर ग्रंथालयशास्त्राचे कोर्स असतात, नोंदणी मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षा. मी आता कोर्स निवडताना वहीत एक ओळ लिहिते: हा कोर्स झाल्यावर देवघेव काउंटरवर काय बदलेल? ओळ सुचली नाही तर अर्ज भरत नाही.

पैसे भरून छापलेला निबंध

एकदा मला ईमेल आला. निबंध पाठवा, 48 तासांत स्वीकृती. मी 1,800 रुपये भरले. निबंध छापूनही आला, एकही शब्द न बदलता, माझ्या दोन टंकचुकांसकट. पुढच्या वर्षी त्या नियतकालिकाचं संकेतस्थळच उघडेना. बढतीच्या छाननीत तो निबंध धरला गेला नाही. मला लाज वाटली ती याची, की विद्यार्थ्यांना ‘स्रोत तपासा’ असं रोज मीच सांगत होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली. म्हणजे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थेवर आणि आपल्यावर आली. संपादक मंडळातल्या दोघांना थेट विचारा की तुम्ही खरंच या मंडळात आहात का. मागचे तीन अंक उघडून वाचा. एवढं केलं तरी बहुतेक वेळा कळतं. प्राध्यापकही हे विचारायला ग्रंथपालाकडेच येणार आहेत.

आपला नमुना न नेता कार्यशाळेला जाणं

आता ‘शेती’कडे येते. आमच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी पूर्वी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे शेतीच्या पुस्तकांची नावं कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग होऊन बसली होती. मी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, ‘शेती’ टाइप करत होते, आणि संगणकाच्या दृष्टीनं तो शब्द तिथे नव्हताच.

कार्यशाळेत सगळी उदाहरणं इंग्रजी पुस्तकांची होती. सोबत आमच्या नोंदींचा नमुना नेला असता तर पहिल्याच दिवशी ही अडचण वर आली असती.

धारवाडच्या सरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, बॅकअप तगोंडीरेन्री?’ बॅकअप घेतलाय का? घेतला नव्हता. तिथून सुरुवात झाली. मग फक्त 100 नोंदी काढून फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणल्या आणि एकेक डोळ्यांनी तपासल्या. चुका ठरावीक ठिकाणीच सापडल्या: ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर गेलेला, रफार सुटलेला, ‘ळ’च्या जागी भलतंच चिन्ह, ‘ऱ्या’ तुटलेला. त्यांची यादी केली, ती दुरुस्त करण्याचा क्रम ठरवला आणि मगच बाकीच्या नोंदी घेतल्या. तरीही शोध अर्धवट चालत होता. तेव्हा सरांनीच सांगितलं की कोहाच्या झेब्रा शोधयंत्रणेत आयसीयू ही युनिकोड लिपी हाताळणारी मांडणी निवडली नसेल तर भारतीय लिपींचा शोध नीट लागत नाही. ती बदलून पुन्हा अनुक्रमणी (शोधासाठीची शब्दसूची) केल्यावर ‘शेती’ टाइप केलं आणि रॅकवरची पुस्तकं पडद्यावर आली.

तेव्हापासून कुठल्याही तांत्रिक कार्यशाळेला जाताना पेनड्राइव्हवर आमच्याच 25 नोंदी नेते. त्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं असतात, एखादा अनेक खंडांचा ग्रंथ असतो, नियतकालिकाचा बांधीव खंड असतो आणि आयएसबीएन नसलेलं जुनं पुस्तक असतं. प्रशिक्षकाला दुपारच्या चहाच्या वेळी गाठायचं आणि म्हणायचं, ‘सर, हे जरा यात घालून दाखवा.’ आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

कन्नड टाळणं

हे लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण आपल्या भागात भाषा हा दुखरा विषय आहे. मराठीवरचं माझं प्रेम तसूभरही कमी न होता मी म्हणते की इथल्या ग्रंथपालानं कन्नड वाचायला शिकणं हा त्याच्या व्यावसायिक शिक्षणाचाच भाग आहे. परिपत्रक कन्नडमध्ये येतं आणि आपण ते कारकुनाकडून वाचून घेतो. तो सांगेल तेवढंच कळतं, आणि शेवटची तारीख बहुधा त्यातूनच निसटते.

‘सुत्तोले’ म्हणजे परिपत्रक, ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. अनुदान, आदेश, सदस्यत्व, वर्गीकरण हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. काही फसवेही आहेत. ‘वर्गावणे’ हा शब्द वाचून मला सुरुवातीला तो पुस्तकांच्या वर्गवारीचा आदेश वाटला होता. तो बदलीचा होता. लिपी बसायला मला रोज अर्धा तास देऊन तीन महिने लागले. बसच्या पाट्या आणि वर्तमानपत्राचे मथळे वाचत गेले. याचा पहिला फायदा परिपत्रकांना झाला आणि दुसरा कन्नड वाचकांना, कारण आमच्या कन्नड पुस्तकांच्या नोंदी तोवर जेमतेमच होत्या.

एकट्यानंच शिकत राहणं

कार्यशाळेला नेहमी ग्रंथपालच जातो. सहायक आणि परिचर वर्षानुवर्षं काउंटर सांभाळतात. वर्षातून एका प्रशिक्षणाला त्यांच्यापैकी कोणाला पाठवा आणि तेवढे दिवस काउंटरवर तुम्ही बसा. गावातल्या ग्रंथालयांत काम करणाऱ्यांची स्थिती तर आणखी अवघड. कर्नाटकात ग्रामपंचायत ग्रंथालयं 2019 मध्ये ग्रामीण विकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली, आता त्यांना ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. तिथला एकटा माणूस संघाच्या अधिवेशनापर्यंत क्वचितच पोचतो. कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे हीच माणसं पुस्तकांच्या टेबलांभोवती भेटतात. तिथे त्यांचे नंबर घ्या.

आम्ही काही जण महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारनंतर जमतो. नाव नाही, वर्गणी नाही, चहा ज्याच्या ग्रंथालयात बसू त्याचा. एका वेळी एकच अडचण घ्यायची आणि ती सुटेपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम.

पुढच्या वेळी आमच्यापुढे कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्या आहेत. भैरप्पांच्या कादंबऱ्यांचे मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णींनी केलेले अनुवाद आमच्याकडे फार मागितले जातात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत अनुवाद मूळ भाषेबरोबर जातो, म्हणजे 894.8143 ला, आणि मराठी कादंबरी असते 891.463 ला. मधे कितीतरी खणांचं अंतर. वाचक मराठीच्या रॅकपाशी शोधतो आणि ‘नाही’ म्हणून परत जातो. वर्गांक नियमानुसार ठेवून मराठीच्या रॅकवर निर्देशपाटी लावायची, की या पुस्तकांचा वेगळा खण करायचा? आमच्यातल्या दोघींचं मत वेगळं आहे, आणि खानापूरच्या एका वाचनालयानं तिसराच मार्ग काढलाय म्हणतात. येणार असाल तर आपल्या दाखल नोंदवहीतली अशी दहा पुस्तकं लिहून आणा.