कार्बन फायबरचा तडा घरी इपॉक्सीने दुरुस्त करताना या चुका टाळा

कार्बन फायबरच्या वस्तूला तडा गेला की अनेक जण इपॉक्सीचा संच आणतात (यात रेझिन हा चिकट द्रव आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर असे दोन घटक मिसळायचे असतात), तड्यात रेझिन भरतात, वरून घासून चकाकी आणतात आणि काम झाले असे समजतात. वस्तू दिसायला पूर्ववत होते, पण भार येताच तडा त्याच रेषेत पुन्हा उघडतो. या वस्तूत ताण पेलण्याचे काम कार्बनचे तंतू करतात, तर रेझिन त्या तंतूंना जागेवर धरून ठेवते आणि एकावरचा भार दुसऱ्याकडे पोचवते. त्यामुळे तुटलेल्या तंतूंवरून नवे तंतू नेऊन ते दोन्ही बाजूंच्या शाबूत भागाला चिकटवल्याशिवाय गेलेली ताकद परत येत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी

पहिली चूक वस्तूच्या निवडीतच होते. सायकलचा फोर्क, हँडलबार आणि सीटपोस्ट, हेल्मेट, दाबाखालील वायूची टाकी, ड्रोनचे पंखे या वस्तू तुटल्या तर माणसाला थेट इजा होते, आणि घरी केलेली दुरुस्ती आतून किती पक्की झाली हे तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते. या वस्तू घरी दुरुस्त करू नयेत, याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही. मडगार्ड, सजावटीचे पॅनेल किंवा एखादे झाकण यांच्यावर मात्र हे काम निर्धास्तपणे करता येते.

दुसरी चूक म्हणजे दिसतो तेवढाच तडा खरा मानणे. कधी फक्त वरच्या पारदर्शक लेपाला भेग पडलेली असते आणि तंतू शाबूत असतात. लेप हलक्या हाताने घासून काढला की ते कळते. याच्या उलटही घडते. आघात झाल्यावर बाहेर बारीक रेघ दिसते, पण आतील बाजूस कार्बन कापडाचे थर बऱ्याच मोठ्या भागात एकमेकांपासून सुटलेले असतात. नाण्याने भोवतालचा भाग ठोकत जावे. चांगल्या भागातून टणक, स्पष्ट आवाज येतो आणि थर सुटलेल्या भागातून बोदा. बोद्या आवाजाची हद्द पेन्सिलीने आखून घ्यावी आणि दुरुस्तीचा आकार तिच्यावरून ठरवावा.

पृष्ठभागाची तयारी

घरगुती दुरुस्त्या फसण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, येथे आहे. गुळगुळीत लेपावर लावलेले नव्या कार्बन कापडाचे ठिगळ लेपाला चिकटते, मूळ थरांना नाही, आणि पुढे लेपासकट सुटून येते. ८० ते १२० ग्रिटच्या सँडपेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे, सुटलेले तंतू काढून टाकावेत आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू चढत जाणारा उतार द्यावा. १ मिलिमीटर जाडीसाठी किमान २० मिलिमीटर लांबीचा उतार हा चांगला अंदाज आहे. उभ्या काठाशी ठिगळ लावले तर सगळा ताण त्या एकाच रेषेवर एकवटतो. त्यानंतर ॲसिटोनने पुसताना एका स्वच्छ कापडाने द्रव लावावा आणि तो उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपावा, नाहीतर विरघळलेला तेलकटपणा तेथेच परत बसतो. पुसलेल्या जागेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

या टप्प्यावर उडणारी धूळ त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रास देते, शिवाय तिच्यातून वीज वाहते, म्हणून संगणकासारख्या उपकरणांजवळ घासकाम करू नये. बारीक कण रोखणारा मास्क, चष्मा व नायट्राइलचे हातमोजे वापरावेत आणि शक्य तेथे पाणी लावून घासावे.

मिश्रण करताना

हार्डनर जास्त घातला की इपॉक्सी लवकर सुकते, हा समज पॉलिएस्टर रेझिनच्या अनुभवातून आलेला असतो आणि येथे तो काम बिघडवतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर ठराविक प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. जो घटक जास्त होईल तो तसाच उरतो आणि थर मऊ राहतो. डब्यावरचे प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे हे नीट वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. थोडे मिश्रण डिजिटल वजनकाट्यावर मोजावे, भांड्याच्या कडा व तळ खरवडत दोन-तीन मिनिटे ढवळावे आणि उथळ ताटलीत पसरावे. खोल कपात उष्णता साठते आणि मिश्रण हातातच घट्ट होते. पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी या कामाचे नव्हे, कारण ते कापडात मुरण्याआधीच आळते. रेझिन पातळ करण्यासाठी त्यात ॲसिटोन घालणेही टाळावे.

कापड लावताना

जुन्या थरांत तंतू ज्या दिशेने आहेत, त्याच दिशेने नव्या थरांत यायला हवेत. पिळवटणाऱ्या भाराला तिरके तंतू लागतात, लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाला सरळ. रेझिनचे वजन साधारण कापडाच्या वजनाइतके पुरते. रेझिनचा जाड थर वजन वाढवतो, ताकद नाही. कापड पूर्ण भिजवून जादा रेझिन टिपावे आणि वरून दाब द्यावा. वस्तू नळीच्या आकाराची असेल तर तिच्यावर न चिकटणारी छिद्रांची फिल्म ठेवून ताणलेली टेप गुंडाळल्यास जादा रेझिन छिद्रांतून बाहेर येते.

बिघाड ओळखताना

दुसऱ्या दिवशीही थर किंचित मऊ असेल, तर थंडी हे कारण असू शकते. १५ अंश सेल्सिअसखाली अनेक इपॉक्सी फार सावकाश घट्ट होतात. खोली उबदार करून आणखी एक दिवस थांबावे. तरीही चिकटपणा राहिला, तर प्रमाण चुकलेले आहे आणि ते सगळे खरवडून काढणे हाच उपाय आहे. त्यावर नवा थर चढवल्याने खालचा मऊ थर घट्ट होत नाही. घट्ट झालेल्या थरावर मेणचट साय दिसली, तर ती दमट हवेत तयार झालेली असते. घासण्यापूर्वी ती साध्या पाण्याने व खरखरीत स्क्रबरने धुवावी, नाहीतर सँडपेपर तिला पृष्ठभागात आणखी चोळतो. पांढुरके ठिपके म्हणजे न भिजलेले तंतू किंवा अडकलेली हवा. भार घेणाऱ्या भागात ते आढळल्यास ठिगळ काढून पुन्हा लावावे.

शेवटच्या घासकामात नवे तंतूच कापले जाऊ नयेत याकडे लक्ष द्यावे. काळी धूळ दिसू लागली की हात थांबवावा. इपॉक्सी उन्हात पिवळे पडते व भुकटते, म्हणून त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे व्हार्निश द्यावे. दुरुस्तीच्या जागी ॲल्युमिनियमचा भाग टेकणार असेल, तर मध्ये काचतंतूचा एक थर घालावा, कारण ओलाव्यात कार्बनच्या थेट संपर्काने ॲल्युमिनियम झिजते.