हात सोडून सायकल चालवायला शिकताय? या चुका टाळा

हात सोडले की सायकल डगमगते, यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: कमी वेग. पडायची भीती वाटते म्हणून आपण हळू जातो आणि नेमका तिथेच तोल जातो. सायकल कलली की पुढचं चाक आपोआप त्याच बाजूला वळतं आणि तिला सावरतं, पण त्यासाठी वेग लागतो. फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपिक परिणामामुळेच (म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं चाक आपली दिशा सहज बदलू देत नाही, त्यामुळेच) हे घडतं, असा समज होता. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो परिणाम रद्द करणारी सायकल बनवली. वेग मिळाल्यावर तीही स्वाराशिवाय तोल सावरत गेली. तेव्हा ताशी १५ ते २० किलोमीटरचा वेग धरा आणि हात सोडल्यावरही पायडल मारत राहा. गियर फार हलका नको. पाय भराभर फिरले की कंबर हलते.

दुसरी चूक माझ्याकडून बरेच दिवस होत होती: पुढे वाकूनच हात उचलणं. अंगाचा भार हॅन्डलवर असताना हात काढले की हॅन्डलला झटका बसतो. आधी पाठ सरळ करून सगळा भार सीटवर घ्या. मग नुसती बोटांची टोकं टेकवून चालवा. ती टेकलेली असूनही काही काम करत नाहीत असं जाणवलं, की उचला. नजर चाकावर नको, लांब ठेवा. वळायचं ते कंबरेने, खांदे झुकवून नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर सायकल तपासा. पुढचं चाक उचलून सायकल जराशी कलती धरा. हॅन्डल सहज एका बाजूला वळायला हवं. मध्येच अडकलं तर हेडसेट (हॅन्डल ज्यावर फिरतं तो सांधा) जास्त आवळलेला आहे किंवा त्याचं बेअरिंग झिजलंय. अशा सायकलवर महिनाभर सराव केला तरी फायदा नाही, आधी दुरुस्ती करा. सायकल नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचं चाक त्याला धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) तिरकं बसलंय का, चिमटा वाकलाय का, ते बघा. हॅन्डलला पिशवी मुळीच अडकवू नका.

हॅन्डल थरथरायला लागलं तर करकचून ब्रेक दाबू नका. पायडल थांबवा, गुडघा दांडीला टेकवा, हात अलगद हॅन्डलवर ठेवा आणि वेग हळूहळू उतरू द्या.

सराव रिकाम्या, सपाट डांबरी जागेवरच करा, हेल्मेट घालून. रहदारीत, उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर हात हॅन्डलवरच हवेत, कारण ब्रेक तिथे आहेत.