मीटरपासून संचालक मंडळापर्यंत: बीआरएसआरमधले पर्यावरणाचे आकडे

बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. कारखानदार कंपन्या त्यात अडखळतात त्या तत्त्व ६ च्या, म्हणजे पर्यावरणाच्या तक्त्यांत. दोष प्लांटवर टाकला जातो. खरं तर वर्षभर वरून कोणी आकडा मागितलेलाच नसतो, आणि मग तो एप्रिल-मेमध्ये बसून जुळवला जातो.

म्हणून सुरुवात कंपनी सचिवाने करावी. शाश्वततेची जबाबदारी कोणत्या समितीकडे किंवा संचालकाकडे, असा प्रश्न अहवालाच्या भाग 'ब'मध्ये असतो. तिथे नुसतं 'होय' लिहून भागत नाही. ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) जोखीम हा जोखीम व्यवस्थापन समितीचा विषय आहे, पण ती वर्षात दोनदा बसली तरी नियम पाळला जातो. लेखापरीक्षण समितीला किमान चार बैठका घ्याव्या लागतात, तिच्यात दोन तृतीयांश स्वतंत्र संचालक असतात आणि आकड्याला 'हा आला कुठून?' विचारायची त्यांना सवय असते. मंडळाचा ठराव करून तिमाही तक्ता तिच्यापुढे ठेवा. ज्या प्लांटप्रमुखाचा बोनस उत्पादनावर ठरतो, त्याच्या एकट्याच्या सहीवर आकडा पुढे जाऊ देऊ नका.

आता कागद. महावितरणच्या उच्चदाब बिलात आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पुरवठ्यातून ओढलेल्या एकूण विजेवर होते. अहवालासाठी त्याच बिलावरचे केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली युनिटं घ्यायची. पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९५ असेल तर १० लाख केव्हीएएच म्हणजे साडेनऊ लाख युनिट. चुकीचा रकाना उचललात, तर युनिटला सुमारे ०.७ किलो धरून ३५ टन कार्बन डायऑक्साइड नुसता कागदावर जन्माला येतो. डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो धरा, पण लिटर जनरेटरच्या लॉगबुकातून घेऊ नका: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. पाण्यात हमखास सुटतो तो टँकर. दहा हजार लिटरचे रोज तीन टँकर ३०० दिवस आले, तर ९,००० किलोलिटर होतात.

ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) गाळाचं वजन ओलं की वाळवलेलं, हे एकदाच ठरवा. सुरुवातीचा साठा अधिक तयार झालेला गाळ, बरोबर मॅनिफेस्टवर (कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदावर) पाठवलेला अधिक शिल्लक; हे जुळत नसेल तर वजनकाट्याच्या पावत्या काढा. घातक कचऱ्याचा फॉर्म ४ प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ३० जूनपर्यंत जातो, पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५ मात्र ३० सप्टेंबरपर्यंत. हे फॉर्म बहुतेकदा वेगळाच सल्लागार भरतो, त्यामुळे एकाच गाळाची तीन वजनं सरकारदरबारी जमा होतात. अहवाल मंडळापुढे जाण्याआधी फॉर्म ४ आणि फॉर्म ५ चा मसुदा शेजारी ठेवून ताळा घ्या.

बीआरएसआर कोअरची, म्हणजे अहवालातल्या निवडक मुख्य आकड्यांची, बाहेरची पडताळणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. अहवाल तयार करून देणाऱ्या सल्लागारालाच पडताळणीचं काम देता येत नाही, तेव्हा दोन्ही नेमणुका करतानाच हे तपासा.