वाळूत जाण्याआधी नागदेवीत जा

स्केटबोर्डवरून राजस्थान गाठायचं ठरलंय, तर सगळ्यात आधी डावा पाय. बोर्ड, चाकं, बॅगा यांवर ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत काथ्याकूट चालतो, पायाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आपण सातही जण डाव्यावर उभे राहून उजव्याने पुश मारतो, म्हणजे जमिनीला रेटा देतो. मरीन ड्राइव्हला तीन किलोमीटर मारायचे तर ते खपून जातं. पण जैसलमेरहून बाडमेर, सांचोर करत अबू रोड गाठायचं म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर. दिवसाला ४५ धरा, एका पुशला पाच मीटर धरा. उभा गुडघा रोज नऊ हजार वेळा वाकणार. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागतो. म्हणून आजपासून रोज अर्धा तास फक्त उलट्या पायाने. पहिला आठवडा लाज वाटेल, तेव्हा पहाटे साडेपाचला जा. त्या वेळी बघायला फक्त फिरायला आलेले आजोबा असतात, आणि त्यांचं सगळं बघून झालेलं असतं.

कार्टर रोडच्या पार्कात उड्या मारायचा बोर्ड घरीच राहू द्या. त्याची ५२-५४ मिलिमीटरची कडक चाकं खडबडीत डांबरावर दात वाजवतील आणि तळपाय बधिर करतील. लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळीचा बोर्ड हवा, चाकं ८० मिलिमीटरच्या पुढची आणि मऊ, ७८-ए च्या आसपास (हे कडकपणाचं माप). फळी जितकी जमिनीलगत तितका गुडघा कमी वाकतो, हे दुकानदार सांगत नाही. तिकडचे सायकलवाले बाभळीच्या काट्यांनी रडकुंडीला येतात. आपल्या चाकांत हवाच नाही, तेवढं एक सुख.

आता बेअरिंग, म्हणजे चाकाच्या आतली छऱ्यांची कडी. वाळवंटात माणसाआधी बेअरिंग मरतं. एका बोर्डाला आठ लागतात, नंबर ६०८: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. हाच नंबर ड्रिल मशीनमध्ये आणि छोट्या मोटरींमध्येही असतो, त्यामुळे स्केटिंगच्या दुकानात खिसा रिकामा करण्याऐवजी मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला जा. ‘कुठल्या मशीनला?’ असं विचारतील. खरं सांगितलंत तर अर्धा तास गप्पा आणि चहा होईल, वेळ काढूनच जा. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली मागा. पत्र्याच्या झाकणाची जास्त मोकळी फिरतात, पण बारीक वाळू त्यांत सहज शिरते. माणशी एक पूर्ण संच जादा. वाटेत कुरकुर सुरू झाली म्हणून बाहेरून तेल सोडू नका, तेलाला वाळू चिकटते आणि त्याची खळ होते. काढा, पुसा, नवीन बसवा. पाने अर्धा, ३/८ आणि ९/१६ इंची. सातांत दोन संच पुरेत.

बोर्डाखालच्या आसालाही ट्रकच म्हणतात, म्हणून रस्त्यावरच्याला आपण लॉरीच म्हणायचं. ‘मागून ट्रक’ अशी हाक ऐकून एकाने आपल्याच बोर्डाखाली वाकून बघितलं होतं. लॉरी शेजारून गेली की आधी वारा बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. तेवढ्या वेळापुरता पाय जमिनीवर. रांग एकेरी, सगळ्यात हळू जाणारा सगळ्यात पुढे, दोघांत दहा पावलं, शिट्टी पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या गळ्यात.

बुटांचे दोन जोड. ज्या पायाने ब्रेक मारता त्या बुटाला स्टेशनबाहेरच्या मोच्याकडून जुन्या टायरचा थर शिवून घ्या, नुसता चिकटवून नाही. अबूला तो लागणारच. माउंट अबू सुमारे १,२२० मीटरवर, तिथून अबू रोडपर्यंत २८ किलोमीटरात जवळजवळ हजार मीटर उतार, वळणावळणांचा. चढताना जीप. उतरताना पूर्ण हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला पॅड, आणि ठाण्याच्या येऊरच्या घाटरस्त्यावर ज्याला पायाने थांबता आलेलं नाही त्यानेही जीपच. यावर चर्चा नाही. अंधारात तर निघायचंच नाही, त्या जंगलात अस्वलं आहेत. आठ वाजता सुरुवात, म्हणजे पर्यटकांच्या गाड्या वर चढायच्या आत आपण खाली.

सोबतीला गाडी हवी की पाठीवर बॅगा? मी गाडीच्या बाजूने आहे. ब्रिटिश भटक्या डेव्ह कॉर्नथ्वेट २००६-०७ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ ते ब्रिस्बेन अशी ५,८०० किलोमीटरहून लांब मजल बोर्डवर मारून गेला, त्याच्याही मागे गाडी होती. पाणीच माणशी दिवसाला पाच लिटर. सात जणांचं ३५ किलो कुणाच्या पाठीवर देणार? पाठीवर फक्त दोन लिटर, मीठ-साखरेची पुडी (लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ), चिक्की आणि आधार कार्ड. ढाणीवर (वाळवंटातल्या वस्तीवर) छाछ, म्हणजे ताक मिळालं तर नाही म्हणू नका. ड्रोन घरी, तो सीमेचा मुलूख आहे.

डिसेंबरच ठीक. वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा, म्हणजे पाठीवर. उन्हाळ्यात तो नैर्ऋत्येकडून तोंडावर येतो. फक्त तिकडे उजाडायला सव्वासात होतात आणि रात्री थंडी अशी की मुंबईकराला स्वेटरची आठवण येऊन उपयोग नाही, तो बॅगेत असावा लागतो.

वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरची थेट गाडी रोज नसते आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. येत्या रविवारी मरीन ड्राइव्हला उलट्या पायाने सलग एक किलोमीटर मारल्याचा व्हिडिओ जो ग्रुपवर टाकेल, त्याचंच तिकीट मी काढणार आहे. माझा व्हिडिओ अजून झालेला नाही.