पॉइंटवर फर्स्ट क्लास: आधी सीट, मग माइल्स

क्रेडिट कार्डाचे पॉइंट एअरलाईनच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी चालणाऱ्या तिच्या पॉइंटांत, बदलून विमानाचं फर्स्ट क्लास तिकीट कसं काढायचं ते सांगतो. पण क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल, तर पुढचं वाचू नका. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि त्यापुढे कुठलेच पॉइंट टिकत नाहीत. पासपोर्ट, व्हिसा, रजा हे तुमचं तुम्ही बघालच.

दुसरं, फर्स्ट क्लास कोकणातून सुटत नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाहून नाही, गोव्यातल्या मोपाहूनही नाही. मुंबई गाठायची हे धरूनच सगळा बेत आखायचा.

पॉइंट जमवा

आंब्याच्या हंगामात खोकी, खत, फवारणी आणि वाहतुकीचा खर्च होतोच. होमस्टे असेल तर गाद्या, एसी, रंगकाम सुटत नाही. तो खर्च कार्डावर घ्या. दुकानात मशीन नसेल तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून चालतं, फक्त त्यावर पॉइंट कमी पडतात. पेट्रोल, घरभाडं आणि वॉलेटवर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. कार्ड मात्र असं हवं की ज्याचे पॉइंट एअरलाईनच्या माइल्समध्ये वळते होतात, उदाहरणार्थ ॲक्सिस ॲटलस, एचडीएफसी इन्फिनिया, अमेरिकन एक्स्प्रेसची मेंबरशिप रिवॉर्ड्सवाली कार्डं. पॉइंट देऊन मिक्सर आणि ट्रॉली बॅग घेणाऱ्यांना लांबून नमस्कार.

खातं उघडा, नाव पासपोर्टसारखंच लिहा

एअरलाईनकडचं माइल्सचं खातं फुकट आणि दहा मिनिटांचं काम. पण आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कार्डावर नुसती आद्याक्षरं, आणि लग्नानंतर पॅनवर माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं. माइल्सच्या खात्यात नाव पासपोर्टप्रमाणे असू द्या आणि बँकेकडचं नाव त्याला जुळवून घ्या. बँक पॉइंट पाठवते ते साधारणपणे कार्डधारकाच्याच खात्यात. बायकोचं तिकीट काढायचं असेल तर काही एअरलाईन्समध्ये तिला आधी नॉमिनी करावं लागतं, म्हणजे तुमच्या माइल्सवर ज्यांचं तिकीट निघू शकतं त्यांच्या यादीत तिचं नाव घालावं लागतं. सिंगापूर एअरलाईन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स-योजनेत असे पाच जण ठेवता येतात. ही नोंद आजच करा, तिकीट काढायच्या रात्री नको.

सीट शोधा

माइल्सवरच्या सीटा मुख्यतः दोनदा सुटतात. एकदा प्रवासाच्या जवळपास वर्षभर आधी, आणि मग शेवटच्या दोनेक आठवड्यांत, विमान रिकामं जातंय असं दिसलं की. आंबा उरकून जूनमध्ये मोकळे होणाऱ्यांना ही दुसरी वेळ सोयीची. गणपतीच्या तारखा बघूसुद्धा नका, घरचे पासपोर्ट लपवतील.

कोणाचे माइल्स कुठे चालतात हे आधी समजून घ्या. सिंगापूर एअरलाईन्स आपलं फर्स्ट क्लास बहुतांशी स्वतःच्या सभासदांसाठीच राखते. एमिरेट्सने 2025 पासून माइल्सवरचं फर्स्ट क्लास सिल्व्हर आणि त्यावरचा दर्जा असलेल्या, म्हणजे वारंवार उडणाऱ्या, सभासदांपुरतं ठेवलं आहे. नुसते माइल्स असून भागत नाही. आपल्याकडे घरटी एक माणूस आखातात असतो आणि तो वर्षानुवर्षं एमिरेट्सनेच ये-जा करतो. त्याचा दर्जा काय आहे आणि त्याच्या खात्यातून तुमचं तिकीट निघतं का, एवढं विचारून घ्या. मात्र मुंबई–दुबई तीनेक तासांसाठी फर्स्ट घेण्याला माझा विरोध आहे. जेवण आटपून पाय पसरेपर्यंत विमान उतरायला लागतं. माइल्स मोडायचे तर मुंबई–लंडन किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला मोडा.

निकालात "फर्स्ट" दिसलं म्हणून हुरळू नका. दोन विमानांचा प्रवास असेल तर प्रत्येक टप्पा उघडून बघा. बऱ्याचदा छोटा टप्पा फर्स्टचा आणि लांबचा इकॉनॉमीचा असतो, नि वर नाव फर्स्टचंच. भागीदार एअरलाईनच्या साइटवर दिसलेली सीट मुळात नसूही शकते. ती दुसऱ्या साइटवर पडताळा, नाहीतर फोन लावा.

पॉइंट वळते करा

घोडं अडतं ते इथे. या टप्प्याने मला जेवढं छळलं तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून नाही.

वळते केलेले पॉइंट परत येत नाहीत. पेट्यांचा ट्रक वाशीला गेला की भाव पडला म्हणून माल बागेत परत आणता येतो का? तसंच हे. कार्डात असेपर्यंत ते पॉइंट पाच-सहा एअरलाईन्सपैकी कुणाकडेही जाऊ शकतात. एकदा माइल्स झाले की ते त्या एकाच एअरलाईनचे, आणि त्यांना मुदत लागते. क्रिसफ्लायरमध्ये ती तीन वर्षांची आहे. त्यात एअरलाईन आपला दरतक्ता वाढवते तेव्हा तुम्हाला विचारत नाही.

म्हणून "या महिन्यात वळते करा, जादा माइल्स मिळवा" ही जाहिरात दिसताच सगळे पॉइंट ढकलायला सांगणारा सल्ला मला सगळ्यांत महागडा वाटतो. सीट दिसत नसताना जादा माइल्स काय लोणच्याला घालायचेत? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. सीट डोळ्यांनी बघा, मग पॉइंट हलवा. हा क्रम कुणी कितीही शहाणपणा शिकवला तरी मोडू नका.

आता खरी पंचाईत. वळते व्हायला काही ठिकाणी मिनिटं लागतात, काही ठिकाणी दिवस. ते कार्डावर अवलंबून आणि एअरलाईनवरही. इकडे सीटा असतात तरी किती? सिंगापूरच्या ए-380 मध्ये वरच्या मजल्यावर सहा स्वीट्स, म्हणजे फर्स्ट क्लासच्या बंद खोल्या, आणि माइल्सवाल्यांच्या वाट्याला त्यातली एखाददुसरी. तुम्ही माइल्सची वाट बघत असताना ती कुणी उचलली, की हातात माइल्स उरतात आणि विमान नसतं.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. काही घाई नसताना, बँक पाठवू देईल तेवढे कमीत कमी पॉइंट एकदा वळते करून बघा. नाव जुळतंय की नाही ते त्यात कळतं, आणि किती वेळ लागला तेही. कुठल्या वारी, किती वाजता पाठवले आणि कधी जमा झाले, हे लिहून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेल्यांचा आणि मंगळवारी सकाळी पाठवलेल्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. नावाचा घोळ असेल तर तो थोड्या पॉइंटांवर उघडा पडू दे. लाखभर अडकल्यावर बँक म्हणते एअरलाईनला विचारा, एअरलाईन म्हणते बँकेला विचारा.

मग प्रत्यक्ष तिकिटाच्या वेळी एका सीटवर जीव टांगू नका. एकाच एअरलाईनवर वेगवेगळ्या दोन-तीन तारखांना सीट दिसत असेल तरच पाठवा. आणि पाठवण्याआधी स्वतःला विचारा: फर्स्ट हुकलं तर याच माइल्सवर बिझनेस क्लास चालेल का? उत्तर "नाही" असेल तर पॉइंट कार्डातच बरे. फोनवर सीट थोडा वेळ धरून ठेवता का, हेही विचारा. काही एअरलाईन्स ठेवतात. काही बँकांनी वर्षाला किती पॉइंट बाहेर पाठवता येतील यावर मर्यादा घातली आहे, तीही आधीच बघून घ्या. दोन तिकिटांपैकी एकापुरतेच पॉइंट सुटले तर घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही.

आणि एक आपल्याकडचंच दुखणं. पॉइंट पाठवताना ओटीपी येतो, आणि वाडीत रेंज नसते. सड्यावर जाऊन, एका हातात फोन वर धरून, दुसऱ्या हाताने क्रमांक टाकेपर्यंत साइट तुम्हाला बाहेर काढते. हे काम बाजारपेठेच्या गावी बसून करा.

कर भरा

माइल्सवरचं तिकीटही पूर्ण फुकट नसतं. ब्रिटिश एअरवेज स्वतःचा अधिभार लावते आणि तो चांगलाच जड असतो. सिंगापूर एअरलाईन्स आपल्या विमानांवरच्या माइल्स-तिकिटांना इंधन अधिभार लावत नाही. लंडनहून परत निघताना वरच्या वर्गाला जादा दराने सरकारी कर पडतो, म्हणून मी जाताना फर्स्ट आणि येताना दुसऱ्या शहरातून येणं पसंत करतो. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेत ना? 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर ते बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. सगळं जमून शेवटी इथे "डिक्लाइन्ड" आलं की माणूस फोन आपटतो.

तिकीट आलं की पीएनआर एअरलाईनच्या साइटवर उघडून वर्ग आणि नाव बघा. विमान बदललं तर फर्स्ट गायब होऊ शकतं, म्हणून अधूनमधून पुन्हा बघत राहा.

मुंबई गाठा

रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं. गाडी रखडली तर एअरलाईन तुमचं काही देणं लागत नाही, आणि वेळेवर न पोचलेल्यांचे माइल्स बुडू शकतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यात दरड आली तर बोलायलाच नको. महामार्गाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. आदल्या दिवशी मुंबईत मुक्कामाला जा. सिंधुदुर्गातले मोपाहून उडत असतील, तर ते विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावर, सहारला, उतरतं की नवी मुंबईला, हे तिकीट काढतानाच बघा.