गावाकडच्या संकेतस्थळासाठी भेटी मोजणारे साधन कसे निवडावे

वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने कापूस, तूर, सोयाबीनचे भाव देणारे संकेतस्थळ सुरू केले की ते किती जण पाहतात हा प्रश्न निघतो, आणि बहुधा विचार न करता गूगल ॲनालिटिक्स हे गूगलचे भेटी मोजणारे साधन बसवले जाते. त्याआधी आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे ते लिहून काढावे. कोणते पान वाचले जाते आणि अर्ज शेवटपर्यंत भरला जातो का, एवढेच प्रश्न असतील, तर वाचकाचा माग ठेवण्याचे कारणच उरत नाही.

प्लॉजिबल आणि उमामी ही साधने कुकी, म्हणजे वाचक ओळखण्यासाठी त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी छोटी नोंद, वापरत नाहीत. प्लॉजिबल आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि ब्राउझरची माहिती यांवरून रोज बदलणारी सांकेतिक खूण तयार करते. त्यामुळे कालचा वाचक आज नवा म्हणून मोजला जातो. मातोमो अधिक तपशील देते आणि स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते, परंतु त्यातील कुकी आपणच बंद कराव्या लागतात, आणि ते वेळोवेळी अद्ययावत करणारा माणूस हाताशी नसेल तर या वाटेला न गेलेले बरे. गोॲक्सेस सर्व्हरच्या नोंदीच वाचते, पानावर काहीही बसवत नाही. मात्र त्यात यंत्रांच्या (पाने आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भेटीही बऱ्याच मिसळतात.

‘वाचकसंख्या’ या आकड्यावर आपल्याकडे फार विसंबू नये. मोबाइल कंपन्या अनेकदा बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात, आणि अँड्रॉइडवरील क्रोम २०२३ पासून ब्राउझरच्या नेहमीच्या ओळखीत फोनचे मॉडेल कळवत नाही, म्हणून अनेक माणसे एकच गणली जाऊ शकतात. शिवाय घरातला एकच फोन बापलेक दोघेही वापरतात. पाने किती वेळा उघडली हा आकडा त्यामानाने भरवशाचा. ठिकाणाचा अहवाल तर बंदच ठेवावा, कारण तो पुष्कळदा गावाऐवजी नागपूर किंवा मुंबई दाखवतो, आणि बरोबर असला तर अधिकच वाईट: छोट्या गावातून कर्जाचे पान कोणी उघडले, हे ओळखायला नावाची गरज पडत नाही.

संकेतस्थळ शाळेचे किंवा शिष्यवृत्तीचे असेल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील मुलांविषयीची तरतूद आधी वाचावी. तो १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतो.

निवडलेले साधन बसवल्यावर संगणकावर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क विभाग (पान कोणकोणत्या पत्त्यांशी संपर्क साधते ते तो दाखवतो) उघडून पान पुन्हा लोड करावे. तेथे अनोळखी पत्ते दिसले तर बसवणाऱ्याला जाब विचारावा. पानाच्या पत्त्यात मोबाइल क्रमांक किंवा गट क्रमांक येत नाही ना, हेही पाहावे, कारण तो जसाच्या तसा अहवालात जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या भेटी बऱ्याचदा ‘थेट’ म्हणून नोंदल्या जातात, म्हणून गटात टाकायच्या दुव्याला यूटीएम खूण, म्हणजे भेट कुठून आली हे सांगणारी जोडणी, लावावी. सशुल्क सेवेचा दर बहुधा महिन्याला उघडलेल्या पानांवर ठरतो. तेव्हा योजना निवडताना कापूस खरेदीच्या हंगामातला आकडा धरावा, उन्हाळ्यातला नव्हे.